अंगणात चाफा लावताना: फांदीपासून पहिल्या बहरापर्यंत

चाफ्याची फांदी तोडून मातीत खोचली की झाड होते, असे सांगणारा कोणी ना कोणी प्रत्येक गल्लीत भेटतो आणि त्याच्या दारातला डेरेदार चाफा पाहिल्यावर त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचे धाडस होत नाही. तरीही नव्याने बाग करणाऱ्यांच्या घरी या फांद्या मोठ्या संख्येने कुजतात. झाड नाजूक असते म्हणून असे घडत नाही. चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. जाड खोडात व फांद्यांत पाणी साठवून ठेवायचे आणि कोरडा ऋतू पाने गाळून काढायचा, ही त्याची रीत आहे. आपण मात्र त्याला मोगरा-जास्वंदीच्या रांगेत बसवतो आणि रोज सकाळी त्यांच्याइतकेच पाणी घालतो. पाण्यावाचून वाळलेला चाफा क्वचितच दिसतो. पाण्याने कुजलेले मात्र पावलोपावली आढळतात. म्हणून या लेखात काय करावे याबरोबरच काय करू नये, आणि विशेषतः हात केव्हा आवरावा, यावर अधिक भर दिला आहे. मी स्वतः फांद्यांपासून चाफे वाढवले आहेत. ज्या शंका सुरुवातीला हमखास येतात, त्या त्या त्या टप्प्यावर घेतल्या आहेत.

१. कोणता चाफा हवा आहे, ते आधी ठरवावे

सोनचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, भुईचाफा आणि नागचाफा ही सगळी वेगवेगळ्या जातींची झाडे आहेत आणि त्यांची निगाही निराळी असते. हा लेख देवळाच्या आवारात दिसणाऱ्या, फांदी मोडली की पांढरा चीक येणाऱ्या चाफ्याविषयी आहे. त्याला कोठे पांढरा चाफा, कोठे देवचाफा, तर कोठे खुरचाफा म्हणतात. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते दिले गेले.

घरगुती बागेसाठी त्याचे तीन प्रकार सहज मिळतात. पहिला प्लुमेरिया रुब्रा. याची पाने लांब व टोकदार असतात, हिवाळ्यात ती पूर्ण गळतात, आणि फुले पांढरी-पिवळी, गुलाबी किंवा लाल येतात. सुगंध आणि रंग यांसाठी हाच घ्यावा. दुसरा प्लुमेरिया ऑब्टुसा. याच्या पानांचे टोक गोलसर, रंग गडद हिरवा व तकतकीत असतो आणि झाड सहसा पूर्ण उघडे पडत नाही. फुले पांढरी, मध्यभागी पिवळा ठिपका. ओकेबोके झाड दारात नको असेल त्यांच्यासाठी हा योग्य. तिसरा प्लुमेरिया पुडिका, ज्याची पाने नागाच्या फण्याच्या आकाराची असतात. तो जवळजवळ वर्षभर फुलतो, कुंपणालगत झटपट वाढतो, पण त्याच्या फुलांना वास जवळजवळ नसतोच.

येथे पहिला सापळा आहे. पानांच्या आकारामुळे काही रोपवाटिकांत पुडिकालाच ‘नागचाफा’ म्हणून विकतात. खरा नागचाफा म्हणजे नागकेशराचे झाड; ते मोठे वाढते आणि त्याचा या चाफ्याशी संबंध नाही. दुसरा सापळा रंगीत कलमांचा. चित्रात गर्द जांभळट-लाल फूल दाखवलेले असते, प्रत्यक्षात दोन वर्षांनी फिकट गुलाबी फूल येते आणि तोवर तक्रार करण्याची वेळ निघून गेलेली असते. रंगीत चाफा घ्यायचा असल्यास एप्रिल ते जून या काळात रोपवाटिकेत जावे आणि झाडावर उमललेले फूल पाहूनच रोप घ्यावे. पांढऱ्या चाफ्यासाठी मात्र पैसे मोजण्याचे काही कारण नाही. ओळखीच्या कोणाच्या अंगणातून एक फांदी मागून आणणे उत्तम.

बियांपासून चाफा वाढवावा का, असेही काही जण विचारतात. जोडीने येणाऱ्या लांब शेंगांत कागदासारखे पंख असलेल्या बिया असतात आणि त्या रुजतातही. परंतु फूल येण्यास साधारण तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि रंग मूळ झाडासारखाच येईल याची खात्री नसते. नवख्याने फांदीच लावावी.

२. जागेची निवड

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत चाफा मरत नाही, पण उंच, किडकिडा वाढतो आणि फुलत नाही. ‘झाड चांगले आहे, पाने भरपूर आहेत, फुले मात्र नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा उन्हाची असते. लोक मात्र खत बदलत बसतात.

भिंतीपासून पाच-सहा फुटांचे अंतर ठेवावे. झाड सावकाश पंधरा-वीस फुटांपर्यंत जाते आणि जवळजवळ तितकेच पसरते. मुळे फार आक्रमक नसल्याने पाया किंवा पाण्याची टाकी फोडण्याची भीती वड-पिंपळासारखी नसते. फांद्या मात्र ठिसूळ असतात, त्यामुळे वाऱ्याच्या झोतात किंवा गाडी लावण्याच्या जागेवर झाड येईल असे करू नये. कोकणात आणि कौलारू घरांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहावी: पागोळ्या जेथे पडतात त्या रेषेत चाफा कधीही लावू नये. चार महिने बुंध्याशी पाण्याची धार पडत राहिली, तर मोठे झाडही सडते.

घरातील वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप येण्याची शक्यता असते. दफनभूमीत व दर्ग्यांच्या आवारात चाफा लावण्याची प्रथा असल्याने तो घराजवळ नको, असे काही कुटुंबांत मानतात. तोच चाफा देवळाच्या दारातही असतो आणि त्याची फुले रोज देवाला वाहिली जातात, एवढे नम्रपणे सांगून पाहावे. नाहीच पटले, तर झाड दारासमोर न लावता बाजूला लावावे. वास तेवढाच येतो.

३. जमवायचे साहित्य

- धारदार सिकेटर किंवा बारीक दातांची करवत, आणि पाती पुसण्यासाठी स्पिरिट
- रबरी हातमोजे. चीक उडू नये म्हणून जुना चष्मा असल्यास उत्तम
- जाडी वाळू (समुद्राची नव्हे, तिच्यात क्षार असतात), थोडी पोयट्याची माती, चाळलेले जुने शेणखत
- तळाला मोठी भोके असलेली आठ ते दहा इंचांची मातीची कुंडी
- फांदीला आधार देण्यासाठी बांबूची काठी आणि सुती पट्टी
- निंबोळी पेंड

मुळे फुटण्यासाठी विकतची पावडर वापरली तर हरकत नाही, परंतु तिच्यावाचून चाफ्याचे काही अडत नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, या टप्प्यावर टाळावा. तो ओलावा धरून ठेवतो आणि नेमके तेच आपल्याला नको आहे.

४. फांदी निवडणे आणि कापणे

योग्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. झाडाची पानगळ झालेली असते, नवी पालवी फुटण्याच्या बेतात असते आणि पुढे कोरडे, उबदार दिवस असतात. पावसाळ्यात लावलेली फांदी ‘आपोआप’ लागते असा समज आहे. काही लागतातही, पण हवेतील आणि मातीतील ओलाव्यामुळे कुजण्याचा धोका तेव्हा सर्वांत जास्त असतो.

फांदी अंगठ्याएवढी किंवा थोडी अधिक जाड, एक ते दीड फूट लांब असावी. सालीचा रंग करडा झालेला असावा. हिरव्या, लुसलुशीत शेंड्याची फांदी दिसायला टवटवीत वाटते, पण ती कोवळी असल्याने आधी सुरकुतते व मग कुजते. शेंडा शाबूत असलेली फांदी निवडावी, कारण वाढ आणि फुले दोन्ही तेथूनच येतात. शेंडा दाबून पाहावा: टणक लागला पाहिजे. काळा पडलेला किंवा आत दबणारा शेंडा असेल तर ती फांदी सोडून द्यावी.

कापताना मूळ झाडाचाही विचार करावा. जेथे फांदी दुभंगते त्या बेचक्याजवळ स्वच्छ काप घ्यावा. अर्धवट कापून ओढल्यास साल खालपर्यंत सोलली जाते आणि ज्याने प्रेमाने फांदी दिली त्याच्या झाडाला जखम राहते. काप घेताच पांढरा चीक टपटपू लागतो. चाफा कण्हेरीच्या कुळातला आहे. त्याचा चीक त्वचेला झोंबतो आणि डोळ्यांत गेल्यास फार त्रास देतो. कपड्यावरचे डाग सहसा जात नाहीत. लहान मुले व पाळीव प्राणी दूर ठेवावेत आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत. डोळ्यांत चीक गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

फांदीवर पाने असतील तर देठाचा थोडा भाग ठेवून ती सर्व कापून टाकावीत. मुळे नसताना पाने ठेवली तर ती फांदीतील साठवलेले पाणी उडवून टाकतात. फुलोरा असेल तर तोही, मन घट्ट करून, काढावा.

५. फांदी सुकवणे

नवखा माणूस ही पायरी हमखास गाळतो, आणि पुढची बहुतेक दुःखे येथूनच सुरू होतात. कापलेली फांदी लगेच मातीत लावायची नाही, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवायची नाही. ती सावलीत, हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी, वर्तमानपत्रावर आडवी किंवा भिंतीला टेकवून एक ते दोन आठवडे ठेवावी.

या काळात कापाकडे रोज पाहावे. पहिल्या दिवशी चीक गोठून पांढरा थर धरतो. पुढे काप थोडा आत ओढला जातो, कडेची साल किंचित आवळते आणि मधला भाग करडा, कोरडा व कडक होतो. नखाने टोकरल्यावर ओल लागली नाही आणि कापावर टणक खपली जाणवली, म्हणजे फांदी तयार झाली. साल जराशी सुरकुतली तरी घाबरू नये. चाफ्याची फांदी सावलीत कित्येक आठवडे जिवंत राहते, त्यामुळे गावाहून आणलेली फांदी प्रवासात दोन-चार दिवस पिशवीत राहिली, तर बिघडत नाही. फक्त प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, कागदात गुंडाळावी.

६. फांदी रुजवणे

कुंडीच्या तळाशी भोकांवर खापराचे तुकडे ठेवावेत. दोन भाग जाडी वाळू, एक भाग माती आणि अगदी थोडे शेणखत असे मिश्रण भरावे. फांदी तीन ते चार इंच खोल, सरळ उभी बसवावी आणि भोवतीची माती दाबून घट्ट करावी. खोल लावल्यास मुळे अधिक फुटतात, ही कल्पना चुकीची आहे. खोल गाडलेला भाग अधिक ओलावा घेतो आणि कुजतो. काठीला सुती पट्टीने फांदी बांधावी. फांदी हलत राहिली तर नव्याने फुटणारी, अतिशय ठिसूळ मुळे तुटतात.

लावल्यावर एकदा पाणी घालावे, तळातून निथळून जाईल इतके. त्यानंतर कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशा उबदार जागी ठेवावी आणि पाणी जवळजवळ बंद करावे. माती पूर्ण कोरडी पडल्यावर, साधारण दहा-बारा दिवसांनी, कडेने थोडेसे पाणी पुरते. कडक उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा.

तीन-चार आठवड्यांत शेंड्यावर दोन हिरवी टोके दिसतात आणि घरात आनंदीआनंद होतो. याच क्षणी सावध राहावे. ही पाने फांदीने स्वतःच्या साठ्यातून काढलेली असतात. खाली मुळे फुटली आहेत असा त्याचा अर्थ नाही. लोक पालवी पाहून रोज पाणी घालू लागतात आणि पंधरा दिवसांत ती पाने माना टाकतात. मुळे धरण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, गारव्यात त्याहूनही जास्त. पूर्ण आकाराची तीन-चार पाने उघडली, ती टिकून राहिली आणि बोटाने हलकेच ढकलल्यावर फांदी मातीत रोवल्यासारखी वाटली, की मुळे धरली असे समजावे. उपटून पाहण्याचा मोह आवरावा.

फांदी बिघडते आहे का, हे पाहण्यासाठी मातीच्या वर एक-दोन इंचांवर अंगठ्याने दाबावे. सुरकुतलेली पण टणक फांदी केवळ तहानलेली असते. मऊ, पिचपिचीत लागली आणि साल तपकिरी किंवा काळी पडत असेल, तर खालून कूज चढते आहे. तेव्हा वेळ न दवडता फांदी बाहेर काढावी आणि खालून थोडी थोडी कापत वर यावे. आतील लाकडावर तपकिरी वलय किंवा ठिपका दिसतो. तो संपून स्वच्छ पांढरा, चीक येणारा भाग लागेपर्यंत कापत जावे आणि प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसावे. सहा-आठ इंच निरोगी फांदी उरली तरी ती पुन्हा सुकवून, नव्या वाळूत लावता येते. जुनी माती पुन्हा वापरू नये.

७. जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत स्थलांतर

मुळे धरलेले रोप त्याच पावसाळ्यात जमिनीत लावण्याची घाई न करणे बरे. कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या भागात रोप पहिला पावसाळा कुंडीतच, पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोशाला काढावे आणि पुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीत लावावे. कमी पावसाच्या भागात जूनच्या पहिल्या सरींनंतर लावले तरी चालते.

दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घ्यावा. तो भरण्यापूर्वी त्यात एक-दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. तासा-दोन तासांत पाणी जिरले तर जागा उत्तम. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसत असेल, तर त्या खड्ड्यात चाफा लावू नये. काळ्या मातीच्या अंगणात हेच होते. ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी खड्डा करण्याऐवजी मुरूम, जाडी वाळू आणि माती मिसळून एक ते दीड फूट उंचीचा, तीन-चार फूट रुंदीचा उंचवटा करावा आणि त्याच्या माथ्यावर रोप लावावे. कोकणातील जांभ्या मातीत निचरा चांगला होतो, तरी पावसाचे प्रमाण पाहता तेथेही थोडा उंचवटा हितकारकच ठरतो.

खड्डा भरताना निघालेल्या मातीत एक-दोन घमेली जुने शेणखत, तेवढीच जाडी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. रोप कुंडीत ज्या पातळीला होते त्याच पातळीला लावावे. बुंध्याशी मातीचा ढीग करू नये आणि ओल्या पालापाचोळ्याचे आच्छादन खोडाला टेकवू नये. ते वीतभर अंतरावर ठेवावे.

गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवायचे असल्यास चौदा ते सोळा इंचांची मातीची कुंडी घ्यावी. वरचा भार वाढल्यावर हलकी प्लास्टिकची कुंडी वाऱ्याने कलंडते. कुंडीखाली ताटली ठेवून त्यात पाणी साचू देऊ नये. दर दोन-तीन वर्षांनी, पालवी फुटण्याआधी, कुंडी व माती बदलावी.

८. पाणी आणि खत

जमिनीत लावलेल्या झाडाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, भरपूर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी घालण्याने वरची माती ओली राहते आणि मुळे वरच्या वर राहतात. आळे बुंध्याला चिकटून न करता दीड-दोन फुटांवर गोल करावे. पावसाळ्यात पाणी द्यायचेच नाही. पानगळ सुरू झाली की, साधारण डिसेंबरपासून, जमिनीतील झाडाचे पाणी थांबवावे. कुंडीतल्या झाडाला महिन्यातून एक-दोनदा थोडे पाणी पुरते. या दिवसांत झाड वाळल्यासारखे दिसते. शेजारपाजारचे लोक येऊन ‘तुमचा चाफा गेला वाटते’ असे म्हणतात आणि घरातले कोणीतरी काळजीने बादलीभर पाणी ओतते. फांदीवर नखाने बारीक ओरखडा काढून पाहावा: खाली हिरवे दिसले आणि चीक आला, तर झाड पूर्णपणे ठीक आहे. पाने नसलेले झाड पाणी वापरत नाही. घातलेले पाणी मुळांशी तसेच राहते.

खताच्या बाबतीत चाफा समाधानी वृत्तीचा आहे. मार्चमध्ये पालवीबरोबर आणि जूनच्या सुरुवातीला एकेक घमेले जुने शेणखत किंवा त्याच्या निम्मे गांडूळखत, सोबत मूठभर निंबोळी पेंड, एवढे पुरेसे होते. युरिया घालू नये. त्याने पाने हातभर लांब होतात, फांद्या पोचट वाढतात आणि फुले कमी येतात. सप्टेंबरनंतर कोणतेही खत देऊ नये.

९. पावसाळ्यातील रोग आणि किडी

चाफ्याचा नेहमीचा रोग म्हणजे तांबेरा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानाच्या वरच्या बाजूस बारीक पिवळे ठिपके दिसतात. पान उलटून पाहिले तर खाली नारिंगी पूड असते, जी बोटाला हळदीसारखी लागते. पाने करपून गळू लागतात. हा रोग झाड मारत नाही आणि पानगळीचा काळ जवळ आलेला असल्याने फार धावपळ करण्याची गरजही नसते. रोगट पाने तोडून, गळलेली वेचून कचऱ्यात द्यावीत. ती आळ्यात किंवा कंपोस्टात टाकू नयेत. झाड लहान असेल आणि रोग लवकर आला असेल, तर पाण्यात विरघळणारे गंधक किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, कोरड्या दिवशी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. गंधक आणि निंबोळी तेल लागोपाठ फवारू नये, मध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. अन्यथा पाने भाजतात.

शेंड्यांवर व पानांच्या बगलेत पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की बहुधा वर हीच कीड असते. थोड्याच जागी असेल तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढावी. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि चार थेंब द्रवसाबण मिसळून संध्याकाळी फवारावे. उन्हाळ्यात पाने धुरकट, निस्तेज होऊन खाली बारीक जाळी दिसल्यास लाल कोळी समजावा आणि पानांची खालची बाजू नळीने जोरात धुवावी.

१०. छाटणी, फुले आणि झाडाची ठेवण

चाफ्याचा फुलोरा फांदीच्या शेंड्यावर येतो आणि फुलून गेल्यावर त्याच्या खालून दोन किंवा तीन नव्या फांद्या फुटतात. झाडाची सगळी ठेवण यावरच उभी आहे. म्हणजे शेंडा छाटला की त्या फांदीची त्या हंगामातील फुले बहुधा गेली, पण पुढे एकाच्या जागी दोन-तीन शेंडे मिळाले. पहिली दोन-तीन वर्षे एकच सोट वर जात असेल तर तो तीन-साडेतीन फुटांवर छाटावा. नंतर शक्यतो हात लावू नये. दरवर्षी नियमाने चाफा ‘साफ’ करणारे माळी असतात, आणि त्या बागांतला चाफा हिरवागार असूनही फुलत नाही.

छाटणी फेब्रुवारीत, कोरड्या हवेत करावी. पावसाळ्यात केलेला काप ओला राहतो आणि तेथून बुरशी आत शिरते. वाऱ्याने फांदी मोडलीच, तर फाटलेला भाग काढून काप तिरका व गुळगुळीत करावा, म्हणजे त्यावर पाणी थांबणार नाही. कलमी झाड असेल तर कलमाच्या सांध्याखाली येणारे फुटवे दिसताच काढून टाकावेत. तसे न केल्यास काही वर्षांत खालचेच झाड वर चढते.

फांदीपासून लावलेला चाफा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात फुलतो, क्वचित पहिल्याच वर्षी. भरपूर फुलूनही शेंगा धरत नाहीत, याची काळजी करू नये. चाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री वाढणाऱ्या सुगंधाने तो पतंगांना नुसता झुलवतो आणि त्या फसव्या फेऱ्यांतून परागीभवन झाले तर झाले.

११. थंड देशात राहणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या उत्तर भागात, ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांतही हा चाफा कुंडीत वाढवता येतो. रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की कुंडी घरात घ्यावी. पाने गळतील, गळू द्यावीत. पाणी जवळजवळ थांबवून कुंडी गॅरेजमध्ये किंवा थंड खोलीत, गोठणार नाही एवढ्या उबेत ठेवावी आणि वसंतात रात्री उबदार झाल्यावर बाहेर काढावी. एकदम कडक उन्हात न ठेवता आठवडाभर सावलीत ठेवून हळूहळू उन्हाची सवय करावी. भारतातून जाताना बॅगेत फांदी टाकण्याचा विचार मात्र करू नये. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोपे व फांद्या नेण्यास बहुतेक देशांत बंदी असते, विमानतळावर त्या जप्त होतात आणि दंडही होऊ शकतो. तेथील रोपवाटिकांत प्लुमेरिया किंवा फ्रँजिपानी या नावाने फांद्या मिळतात.

१२. झाड हलवायचे किंवा काढायचे झाल्यास

घराची दुरुस्ती किंवा पुनर्विकास निघाला की अंगणातील झाडाचा प्रश्न येतो. झाड आपल्या खासगी आवारात असले तरी शहरी भागात ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा लागतो. अर्जासोबत साधारणपणे मालमत्ता कराची पावती, झाडाची छायाचित्रे, जागेचा साधा नकाशा आणि गृहनिर्माण संस्था असल्यास तिचा ठराव लागतो. मोठी छाटणी किंवा स्थलांतर करायचे असले तरी आधी तेथेच विचारून घ्यावे.

परवानगी मिळाल्यावर चाफा तोडण्यापेक्षा हलवावा, कारण वयस्क चाफाही स्थलांतर चांगले सोसतो. पानगळ झालेली असताना बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणून मातीच्या गोळ्यासह झाड काढावे, वरच्या फांद्या एक-तृतीयांश कमी कराव्यात आणि तुटलेली मुळे स्वच्छ कापून झाड दोन-तीन दिवस सावलीत तसेच राहू द्यावे. नव्या जागी उंचवट्यावर लावून तीन बाजूंनी बांबूचा आधार द्यावा. एकदा पाणी दिल्यानंतर नवी पालवी येईपर्यंत फांदीसाठी सांगितलेलाच नियम येथेही पाळावा. छाटलेल्या फांद्या टाकू नयेत. त्या सुकवून ठेवाव्यात, म्हणजे मोठे झाड धरले नाही तरी त्याच जातीची रोपे हाताशी राहतील.